धान्याची लेव्ही आणि माथाडीची लेव्ही

प्रश्न असा आहे: ‘आमचे आजोबा “ज्वारी लेव्हीला घातली” म्हणायचे. आता कांद्याच्या बातम्यांत माथाडींच्या “लेव्ही”वरून वाद वाचतो. दोन्हीकडे शब्द एकच कसा? आणि खुल्या बाजाराची बाजू घेणारे दोन्हींना एकाच कारणाने विरोध करतात का?’

शब्द एकच आहे. इंग्रजीतून आलेला, मुळात लॅटिनमधला, अर्थ ‘उचलणे’. सत्तेने सक्तीने उचललेला वाटा म्हणजे लेव्ही. (मराठीत ‘उचल’ नेमकी उलट्या दिशेने जाते: ऊसतोड मजूर मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतो ती उचल.) दोन लेव्ह्यांतला फरक बघायचा तर क्रियापद बघावं. शेतकरी दूध डेअरीला घालतो, ऊस कारखान्याला घालतो, तशी ज्वारी लेव्हीला ‘घालायचा’. माथाडीची लेव्ही मात्र ‘भरतात’ किंवा ‘कापतात’. पहिलीत माल जातो, दुसरीत पैसा.

धान्याच्या लेव्हीत सरकार ठरवील तेवढा माल, सरकार ठरवील त्या भावाने द्यावा लागे, आणि तो भाव बाजारापेक्षा कमी असे. आधार जीवनावश्यक वस्तू कायद्याचा, १९५५ सालचा. साखरेची लेव्ही बरीच वर्षं टिकली. कारखान्यांच्या उत्पादनातला ठरावीक हिस्सा रेशनसाठी स्वस्तात जायचा, तो शेवटी १० टक्क्यांवर आला आणि २०१३ मध्ये बंद झाला. तुटीचा भार कारखान्यावर दिसे, पण तो उसाच्या दरातून शेतकऱ्याच्या अंगावर येई. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या सगळ्याला ‘उणे सबसिडी’ म्हटलं. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. सबसिडी म्हणजे सरकारने दिलेलं, ही आपली समजूत तो एका विशेषणाने उलटवतो. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्याच विचारातली. गरिबाला स्वस्त धान्य द्यायचं तर खर्च सगळ्या समाजाने करावा, एकट्या पिकवणाऱ्याने का, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

माथाडीच्या लेव्हीचं मूळ अगदी वेगळं. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. मुंबईच्या किराणा, कापड, लोखंड बाजारांत हा माणूस सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर काम करायचा. कायमचा मालक कुणीच नसल्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा यांतलं काहीच त्याच्या वाट्याला येत नव्हतं. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीनंतर १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालकाने मजुरी माथाडी मंडळाकडे जमा करायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के जादा भरायचे. हे जादा पैसे म्हणजे लेव्ही. टक्का मंडळागणिक निराळा. ही रक्कम कामगाराच्या लाभांसाठी असते, सरकारी तिजोरीसाठी नव्हे, म्हणून तिला ‘कर’ म्हणणं साफ चूक आहे.

मग खुल्या बाजारवाल्यांचा आक्षेप कशाला? नीट ऐकलं तर हमालाच्या निधीला नाही. आक्षेप आहे तो हमालांच्या ठरलेल्या टोळीकडूनच काम करून घेण्याच्या बंधनाला, आणि काम झालं नसतानाही पैसे मागण्याला. केरळात या दुसऱ्या प्रकाराला स्वतंत्र शब्दच आहे: ‘नोक्कुकूली’. नोक्कु म्हणजे बघणं, कूली म्हणजे मजुरी. दुसऱ्यांनी माल उतरवताना नुसतं बघत उभं राहण्याचे पैसे. केरळ सरकारने १ मे २०१८ पासून त्यावर बंदी घातली, तीही डाव्या आघाडीच्या सरकारने. आपल्याकडे असा शब्द रूढ नाही. शिवणावळ, धुणावळ या चालीवर ‘बघणावळ’ करता येईल. धान्याच्या लेव्हीवरचा आक्षेप मालमत्तेच्या हक्काचा होता. हा आक्षेप कराराच्या स्वातंत्र्याचा आहे. एका शब्दापायी दोन्ही वाद एकाच पोत्यात भरू नयेत.

आता कांद्याची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीच्या हिशोबाचा कागद, घ्या. वजन, भाव, एकूण रक्कम, आणि खाली वजावट: हमाली, तोलाई वगैरे. यातली हमाली हमालाच्या कामाची, तोलाई तोलण्याची. कशाचे पैसे कापले ते नावावरूनच विचारता येतं. नाशिक भागात आज ट्रॉली भुईकाट्यावर मोजली जाते आणि लिलावानंतर व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली होते, तेव्हा ‘माझ्या मालाची तोलाई कुणी केली?’ हा शेतकऱ्याचा सवाल रास्त आहे. हे विचारणं त्याला जमतं, कारण शब्द कामाचं नाव सांगतो. ‘लेव्ही’ तसं काही सांगत नाही. कुणी भरायची, कुणासाठी, कशावर, सगळं मोघम. एप्रिल २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले, त्यामागे हाच तंटा होता: हमाली-तोलाई शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची, तर तिच्यावरची लेव्ही कुणाच्या खिशातून? कायद्याच्या भाषेत लेव्ही मालकाची. पण लिलावाच्या आवारात हमालाचा मालक कोण, माल आणणारा की घेणारा?

माझं मत सांगतो. ज्याला एक मालक नाही अशा श्रमिकाच्या म्हातारपणाची सोय मजुरीतच धरली जावी, यात बाजाराच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही. धक्का लागतो तो सक्तीच्या टोळीने. १९६९ पूर्वीचा गाळा-गाळा हिंडणारा हमाल आणि लेव्हीला ज्वारी घालणारा शेतकरी, दोघांच्याही घामाचा भाव दुसराच कुणीतरी ठरवत होता. या दोघांना एकमेकांसमोर उभं करणारी चर्चा मला मान्य नाही.

प्रतिशब्द हवा असेल तर धान्यासाठी ‘सक्तीची खरेदी’ नेमका बसतो. माथाडीच्या बाबतीत घरपट्टी-पाणीपट्टीच्या धर्तीवर ‘कल्याणपट्टी’ सुचतो, पण बाजारात ‘पट्टी’ म्हटलं की शेतकऱ्याच्या हिशोबाचा कागदच डोळ्यांपुढे येतो, म्हणून तो टाळावा. ‘माथाडी मंडळाची लेव्ही’ असं पूर्ण लिहावं, आणि बातमीत ती कोण भरणार हे त्याच वाक्यात सांगावं.