गाडी नसेल तर सोलापूरहून कोकणात मुक्काम कुठे करावा?

सोलापूरहून आई-वडील आणि शाळकरी मुलगी यांना घेऊन तीन-चार दिवस समुद्रावर जायचंय, स्वतःची गाडी नाही, भाड्याची परवडत नाही, तर गणपतीपुळ्यात राहावं, मालवणात की रत्नागिरीत, असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरी म्हणेन. तीही शहरात, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा लॉजवर.

घरचे नाक मुरडणार, हे धरूनच चाला. "समुद्र बघायला जायचं आणि स्टँडजवळ राहायचं व्हय?" पण गाडी नसेल तर आधी डेपो बघायचा आणि मग किनारा. कोकणातली एसटी गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून गावाला अशी धावते. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन किनाऱ्यांच्या मधे खाडी आडवी असते. एका गावातून दुसऱ्या गावाला जायचं तर बऱ्याचदा परत स्टँडवरच यावं लागतं. मग राहायचंच तिथे, म्हणजे रोजची एक फेरी वाचते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी फलाटावर एखाद्या किनाऱ्याच्या गावाची पाटी लागलेली गाडी दिसते. आपल्याला वाटतं, चला, सूर्यास्त बघून याच गाडीनं परत येऊ. पण ती वस्तीची गाडी असते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथेच मुक्काम करतात आणि गाडी सकाळी दूधवाले, कॉलेजची पोरं घेऊन परत येते. म्हणून चौकशीच्या खिडकीवर जाणारी गाडी किती वाजता, हे विचारण्याआधी तिकडून शेवटची परत किती वाजता, हे विचारा. शाळेच्या वेळेच्या फेऱ्या सुट्टीत आणि रविवारी बंद असतात, तेही विचारून घ्या. आषाढीला आपल्या गाड्या पंढरपूरला वळवतात, तशीच तिकडे गौरी-गणपतीत आणि शिमग्यात ओढाताण असते. ते दिवस टाळलेले बरे.

आता जायचं कसं? इथून कोकणात थेट रेल्वे नाही. पंढरपूर-मिरजमार्गे कोल्हापूरपर्यंत रूळ आहेत, पण कोल्हापूर-वैभववाडी मार्ग अजून झालेला नाही. त्यामुळे एसटीच. सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट उतरून रत्नागिरी, साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. वेळेला थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर कोल्हापूरला बदला. तिथून रत्नागिरीच्या फेऱ्या दिवसभर असतात. घाट उतरताना मुलीला पुढच्या बाकावर बसवा, आणि मलकापूरला थांबलात तर वडापाव नको. तिकिटाचं म्हणाल तर बायकांना निम्मं, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, पासष्ट ते पंच्याहत्तरला निम्मं. सगळा प्रवास एसटीनंच असेल तर चार दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास परवडतो का, याचा हिशोब निघण्याआधी करून बघा.

रत्नागिरीचा दुसरा फायदा म्हणजे तिथे काही ठरवावं लागत नाही. दमून पोचलात तरी रिक्षानं मांडवीच्या जेट्टीवर जा, वारा खा, जेवायला परत. वाळू काळसर आहे, पोहण्याची जागा नाही, पण पहिल्या संध्याकाळी तेवढंच पुरतं. खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये. सरळ, लांब किनारा, मागे सुरूची झाडं. आई-वडील सावलीत बसतील, मुलगी वाळूत. दुपारी उन्हात नाही निघवलं तर थिबा राजवाडा आहे, टिळकांचं जन्मघर आहे, मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजासाठी इंग्रजांनी १९१० च्या सुमारास हा राजवाडा बांधला, एवढं मुलीला आधी सांगून ठेवलंत तर ती तिथे कंटाळणार नाही.

गणपतीपुळं एका दिवसात होतं. फक्त गाडी किनाऱ्यालगतच्या आरे-वारेवरून जाणारी आहे की आतल्या निवळीवरून, ते विचारा. निवळीवरून लांब पडतं आणि समुद्र दिसत नाही. आरे-वारेच्या गाडीत जाताना डाव्या हाताला, म्हणजे दरवाजाच्या बाजूची खिडकी पकडा. चढ संपतो आणि खाली आरे आणि वारे, दोन्हीकडचे वाळूचे पट्टे एकदम दिसतात. त्या वळणावर कंडक्टरसुद्धा पैसे मोजायचे थांबतो असं मी म्हणणार नाही, तो काही थांबत नाही. पुळ्यात दर्शन घ्या, डोंगराची प्रदक्षिणा घाला, वाट फरसबंद असल्यानं सावकाश चालत होते. पाण्यात मात्र घोट्यापुढे मुलीला सोडू नका. तिथला उतार फसवा आहे आणि माणसं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात. तिथे मुक्काम केलात तर रात्री आरती झाली की गाव मिटतं, आणि दुसरीकडे जायचं म्हटलं की परत रत्नागिरीच.

आणखी एक दिवस हातात असेल तर पावसला जा, स्वामी स्वरूपानंदांच्या मठात. त्या रस्त्याला गाड्या बऱ्या आहेत.

मालवणाबद्दल खरं सांगायचं तर गाव म्हणून ते मला रत्नागिरीपेक्षा जास्त आवडतं. बाजार, बंदर, सिंधुदुर्गाची होडी, सगळं चालत. तारकर्ली रिक्षाच्या टप्प्यात. पण सोलापूरहून जाणं-येणं वेळखाऊ, आणि पावसाळ्यात होडी बंद. पाच-सहा दिवस असतील तर तिकडेच जा. तीन-चार दिवसांत निम्मा वेळ बसमध्ये जाईल.

शेवटचं, हवा. आपल्याकडची त्रेचाळीस डिग्री कोरडी असते, रत्नागिरीची तेहतीस अंगाला चिकटते. आई-वडिलांना घेऊन मे महिन्यात नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा, आणि परतीचं आरक्षण पोचल्या दिवशीच स्टँडवर करून टाका. रविवारी संध्याकाळी कोल्हापूरकडे येणाऱ्या गाड्यांना उभं राहायलाही जागा नसते.