गाईंना समुद्री शेवाळ घातलं तर मिथेन खरंच कमी होतो का? आठ गाईंच्या गोठ्यात करून बघावं का?

तुमच्याकडे आठ संकरित गाई आहेत, त्यांतल्या दोन बरेच दिवस भाकड आहेत. परदेशात लाल शेवाळ चारून गाईंच्या पोटातून निघणारा, पृथ्वी तापवणारा मिथेन वायू ८० टक्क्यांनी कमी झाला असं तुम्ही वाचलंय, आणि कृषी सेवा केंद्रात शेवाळाचं औषध मिळतं ते पेंडीत कालवू का, असं विचारलंय. मी कृष्णाकाठच्या गावांत जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतो, त्या अनुभवातून सांगतो.

दुकानातलं औषध अजिबात घालू नका. ते द्राक्षाला, उसाला फवारायचं टॉनिक आहे. ते दुसऱ्याच जातींच्या शेवाळापासून होतं, आणि गाईच्या पोटात जाईल या हिशेबाने ते कुणी बनवलेलं नसतं.

तुम्ही वाचलंत ते शेवाळ म्हणजे ॲस्पॅरागॉप्सिस. हवाई बेटांवरची माणसं ते 'लिमू कोहू' म्हणून जेवणात खातात. गाईंचा विषय निघाला कॅनडात. प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शेतकरी जो डॉर्गन यांच्या लक्षात आलं, की किनाऱ्यालगत चरणाऱ्या, वाहून आलेलं शेवाळ खाणाऱ्या त्यांच्या गाई जास्त चांगल्या राहतात. रॉब किन्ली या संशोधकाने ते तपासलं, आणि पुढे ऑस्ट्रेलियात एकेक जात चाचपताना ॲस्पॅरागॉप्सिस हाती लागलं.

ते काम कसं करतं, हे तुमच्याच गाईवर समजून घ्या. रवंथ करत बसलेल्या गाईच्या डाव्या कुशीच्या खळग्यात मूठ दाबून धरा. दोन मिनिटांत दोन-तीनदा आतून लाट येऊन मूठ वर ढकलली जाईल, आणि मधूनच गाय ढेकर देईल. मिथेन जातो तो जवळजवळ सगळा या ढेकरांतून, मागून नाही. कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, चारा आंबताना हायड्रोजन सुटतो. तिथले काही सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन करतात. या शेवाळात ब्रोमोफॉर्म नावाचं रसायन असतं, ते नेमकी ही शेवटची पायरी अडवतं. चारा पचतो, मिथेन होत नाही. मिथेन म्हणजे तुम्ही विकत घातलेल्या खाद्यातली ऊर्जा हवेत जाणं, म्हणून शेतकऱ्यालाही यात रस वाटतो. पण अडलेल्या हायड्रोजनचा काही भाग तसाच बाहेर पडतो, त्यामुळे वाचलेली सगळी ऊर्जा दुधात उतरत नाही.

आता ८० टक्क्यांचं. हा आकडा कॅलिफोर्नियात डेव्हिस विद्यापीठाने २०२१ साली छापलेल्या प्रयोगातला असावा. मांसासाठी वाढवलेले २१ गोऱ्हे आणि १४७ दिवस. ८० टक्के घट दिसली ती धान्य भरपूर आणि चारा अगदी कमी असलेल्या खाद्यावर. चारा जास्त असलेल्या गटात तेवढ्याच शेवाळाने घट ५२ टक्क्यांच्या आसपास आली. पुढे अमेरिकेतल्याच मोंटानात कुरणावरच्या गोऱ्ह्यांत ती ३८ टक्क्यांच्या आसपास राहिली. तुमच्या गाई मुरघास, कडबा आणि उसाच्या वाढ्यांवर आहेत, तेव्हा बातमीतला आकडा तुमचा नव्हे.

दुभत्या गाईंचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डेव्हिसच्याच आधीच्या प्रयोगात शेवाळाचं प्रमाण एक टक्क्यावर नेलं तेव्हा मिथेन बराच उतरला, पण गाईंनी खाणं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी केलं आणि दूधही ११ टक्क्यांच्या वर घटलं. नेदरलँड्सच्या प्रयोगात गाई खाद्यातलं शेवाळ टाळत होत्या, दुधात आणि मूत्रात ब्रोमोफॉर्म सापडलं, आणि तपासलेल्या काही गाईंच्या कोठीपोटाचं अस्तर बिघडलेलं होतं. सगळ्याच प्रयोगांत असं दिसलेलं नाही. पण तुमचं दूध रोज संकलनाला जातं आणि तिथून कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात, म्हणून मी ही गोष्ट हलक्यात घेणार नाही. शिवाय या शेवाळात आयोडीन फार असतं, ते दुधात उतरतं. आणि ब्रोमोफॉर्म उडून जाणारं आहे. शेवाळ नुसतं उन्हात वाळवलं किंवा नीट साठवलं नाही तर गुण निघून जातो. त्यामुळे कुणी पोत्यात भरून स्वस्तात विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

संशोधन चालू राहावं असं मला मनापासून वाटतं. मिथेन हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो, म्हणजे आज कमी केला तर आपल्या हयातीत फरक पडेल. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक खाद्य तयार केलंय, त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असं संस्था सांगते. आपल्या चाऱ्याला ही वाट मला जास्त जवळची वाटते. मात्र तेही पशुवैद्यकाला विचारूनच द्या.

तुमच्या गोठ्यात आज करण्यासारखं काय? लिटरमागे मिथेन मोजायला शिका. गाय सहा लिटर देवो की सोळा, पोट चालू ठेवण्यापुरता चारा तिला लागतोच आणि त्याचा मिथेन होतोच. जास्त दूध देणारीचा तो जास्त लिटरांत वाटला जातो. वाढ्यांवरचा भार कमी करा, मका वेळेवर कापून मुरघास नीट दाबा, खनिज मिश्रण रोज द्या, पेंड प्रत्येकीच्या दुधाच्या हिशेबाने घाला, सगळ्यांना एकच माप नको.

आणि त्या दोन भाकड गाई. त्या दिवसभर खातात, ढेकरा देतात आणि बादलीत एक थेंब नाही, म्हणजे तुमच्या गोठ्यातला सगळ्यात वाया जाणारा मिथेन त्यांचा. शेवाळ शोधण्याआधी या आठवड्यात डॉक्टर बोलवून दोघींची गर्भतपासणी करून घ्या. गाभण नसतील तर माजावर का येत नाहीत ते बघायला सांगा. शेवटचं वेत कधी झालं आणि रेतन किती वेळा केलं, ते वहीत लिहून त्यांच्यासमोर ठेवा.