भावाशी बोलणं बंद असताना प्रभुभोजन घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या जमिनीवरून धाकट्या भावाशी चार वर्षं बोलणं नाही, चूक बहुतेक त्याची आहे, आणि येत्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) आहे. बायबलमधल्या मत्तय ५:२३-२४ प्रमाणे आधी समेट करायलाच हवा का, की क्षमा मनातल्या मनात केली तरी चालेल?

आधी ते वचन नीट वाचा. बहुतेक जण ते उलटं लक्षात ठेवतात. ‘तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर’ असं तिथे नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान वेदीपुढे ठेव आणि जा, असं आहे. म्हणजे त्याने तुमचं काय केलं हा इथे विषयच नाही, तुम्ही त्याचं काय केलं हा आहे.

त्याने तुमचं काय केलं यासाठी वेगळी वचनं आहेत. तुमच्या मनातल्या रागासाठी मार्क ११:२५: प्रार्थनेला उभे असाल तिथेच क्षमा करा. त्यासाठी कुणाकडे जावं लागत नाही. त्याने खरोखर अपराध केला असेल तर मत्तय १८:१५-१७: आधी एकांतात त्याला दाखवा, मग एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीला (म्हणजे चर्चच्या लोकांना) सांगा. आपल्याकडे भाऊबंदकीत हा क्रम बरोब्बर उलटा होतो. आधी अख्ख्या मंडळीला कळतं, मग मामा-काका मध्ये पडतात, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी शेवटपर्यंत कुणी बोलत नाही.

आता ‘जा’ या शब्दाकडे बघा. येशू हे गालीलात बोलतोय आणि वेदी आहे यरुशलेमात, एक-सवाशे किलोमीटरवर. पायी तीन-चार दिवस. अर्पणाचा पशू तिथेच सोडून घरी जायचं, समेट करायचा, परत यायचं, म्हणजे आठवडा सहज मोडला. ऐकणाऱ्यांना हे हिशेबासकट कळलं असणार. त्यामुळे ‘मनातल्या मनात’ हे उत्तर या वचनात बसत नाही.

म्हणून कागद घ्या आणि भाऊ तुमच्याबद्दल काय तक्रार करेल ते त्याच्या शब्दांत लिहा. ‘दादाने मला न विचारता मोजणी आणली.’ ‘आईसमोर मला खोटारडा म्हणाला.’ ‘माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही.’ त्यातलं जे खरं आहे त्यावर खूण करा. वाद ९० टक्के त्याच्यामुळे असला तरी तुम्हाला घेऊन जायचे आहेत तुमचे १० टक्के.

आधी फोन करून एवढंच विचारा: ‘अर्धा तास येऊ का? जमिनीचं बोलणार नाही.’ व्हॉट्सअ‍ॅपवर माफी मागू नका. तो मेसेज संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत फिरतो. लग्नात, मयतीत किंवा भक्ती संपल्यावर चर्चच्या दारातही नको, कारण तिथे समोरच्याला चारचौघांत ‘हो’ म्हणावंच लागतं. एकटे जा, सातबारा घरी ठेवा. तिथे गेल्यावर कृत्याचं नाव घेऊन बोला: ‘त्या दिवशी आईसमोर तुला खोटारडा म्हणालो. ते माझं चुकलं.’ आणि थांबा. ‘पण तूही...’ आलं की माफी संपली, भांडण सुरू झालं. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हेही नको. त्यात चूक त्याच्या वाटण्याची होते. तो चिडून बोलला तर ऐकून घ्या. त्याच बैठकीत त्याच्याकडून क्षमा वसूल करायला जाऊ नका.

एक अपवाद. घरात मारहाण, धमक्या असा प्रकार असेल तर ज्याने मार खाल्ला त्याला हे वचन मारणाऱ्याच्या दारात पाठवत नाही. तिथे एकट्याने जाऊच नका.

रविवारचं म्हणाल तर दोन्ही बाजू आहेत. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास लिहिलेल्या ‘दिदाखे’ या मंडळीच्या नियमपुस्तकात सांगितलं आहे की ज्याचा सोबत्याशी तंटा आहे त्याने समेट होईपर्यंत मंडळीबरोबर एकत्र येऊ नये. दुसरीकडे १ करिंथ ११:२८ मध्ये पौल म्हणतो, स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. माझं मत असं: रविवारच्या आत निदान तो फोन करा. केलात आणि त्याने उचलला नाही, तर प्रभुभोजन घ्या. रोम १२:१८ मध्ये ‘तुमच्याकडून होईल तितकं’ अशी मर्यादा मुद्दाम घातली आहे. न जाण्याचं ठरवूनच बसला असाल, तर मात्र पाळकांशी (कॅथलिक असाल तर फादरांशी) आधी बोला. पण वर्षानुवर्षं प्रभुभोजनाच्या मेजापासून लांब राहून त्यालाच पश्चात्ताप समजणं, हा खेळ मात्र बंद करा. वचनाचा शेवट ‘मग येऊन आपलं दान अर्पण कर’ असा आहे.

तो फोन घेतच नसेल तर एक पानाचं पत्र हाताने लिहा, त्यात तेच शब्द. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न करा. मग त्याला त्याचा वेळ द्या.

पैशाचं काही अडकलं असेल तर नुसत्या शब्दांनी भागत नाही. लेवीय ६:१-७ मध्ये घेतलेलं परत करून वर पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय, आणि दोषार्पण (अपराधाबद्दल वेदीवर द्यायचं अर्पण) त्यानंतर. भावाचे ५०,००० ठेवून घेतले असतील तर ६०,०००.

आणि जे तुम्ही विचारलं नाही ते. तुम्हाला बहीण आहे का? मूळ ग्रीकमधला ‘भाऊ’ इथे फक्त पुरुषांपुरता नाही. मृत्युपत्र नसेल तर महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागू होतो: विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलगे आणि मुली यांच्यात सारखं. (गोव्यात कायदा वेगळा.) तरीही ‘तिचं लग्नात दिलं की’ म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आपल्या घरांतही आहे. ती बोलत नाही, मोजकंच हसते, नाताळला फराळ पाठवते, म्हणून तिच्या मनात काही नाही असं धरू नका. दोघा भावांच्या भांडणात जी जमीन आहे, तिच्यातला तिचा वाटा किती होता ते भावाकडे जाण्याआधी काढून ठेवा.