पुष्कराज खरा असेलही, पण पॉलिसीचं काय?

प्रश्न : वय ४३, अंबडला कारखान्यात नोकरी. घरकर्ज २६ लाख, मुलं दोन. गुरू बळकट व्हावा म्हणून गेल्या वर्षी सव्वापाच रत्तीचा पुष्कराज १,८०,००० रुपयांना घेतला. पर्सनल लोन काढलं, १५ टक्के, ३ वर्षं. त्या ओढाताणीत १ कोटीच्या टर्म पॉलिसीचा (मुदतीच्या आयुर्विम्याचा) २४,००० चा हप्ता राहिला. दुकानदार म्हणतो, भाव वाढतोच, ८० टक्क्यांनी परत घेऊ. खडा खरा का, कुठे तपासू? आता ४०,००० ची एफडी मोडून पत्नीसाठी मोती घ्यावा असं माझ्या मनात आहे.

उत्तर : खड्याचं आधी उरकतो. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम. त्याच्या नावावर ‘सुनेला’ नावाचा पिवळा खडा सर्रास खपतो, तो साधा स्फटिक. दुधात टाकून काही कळत नाही. प्रयोगशाळेत अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो ते, बघतात : पुष्कराजाचा १.७६ च्या आसपास, सुनेल्याचा १.५५. पण भट्टीत बनवलेला पुष्कराजही १.७६ च दाखवतो, म्हणून सूक्ष्मदर्शक लागतो. आत वक्र रेषा दिसल्या तर माल भट्टीतला.

खड्याच्या प्रमाणपत्राच्या कार्डाचा फोटो तुम्ही पाठवलात, त्यात ‘ट्रीटमेंट’पुढे (खड्यावर काय प्रक्रिया केली त्यापुढे) नुसती रेघ आहे. भावातला मोठा फरक तिथेच पडतो : नुसता तापवलेला खडा वेगळा, बेरिलियम वापरून पिवळा केलेला वेगळा. अंगठीतून काढून खडा सुटा द्या, दुकानदार सांगेल तिथे नव्हे, मुंबईतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या ठिकाणी. वजन कॅरेटमध्ये मागा. सव्वापाच रत्ती म्हणजे जेमतेम पावणेपाच कॅरेट, एक ग्रॅमही भरत नाही.

खरा निघाला तरी ती गुंतवणूक नाही. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, तुमच्या खड्याचा कुठे येतो? सोनेतारणाला गेलात तर खड्याचं वजन वजा करूनच दागिना धरतात. ते ८० टक्के रोख मिळतात की त्याच दुकानातला दुसरा खडा, हे बिलावर वाचा. रोख मिळाले असं धरू : १,४४,०००. कर्जाचा हप्ता सव्वासहा हजार, म्हणजे ३ वर्षांत सव्वादोन लाख जाणार. ८० हजारांचा खड्डा, तोही दुकानदाराने शब्द पाळला तर!

श्रद्धेबद्दल बोलणार नाही, अंगठी खुशाल घाला. पण पॉलिसीचं तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि प्रश्न मात्र खड्याचा विचारलात. आज तुमचं काही बरंवाईट झालं तर घरच्यांच्या हाती एक पुष्कराज आणि दोन कर्जं. २४,००० म्हणजे त्या लोनचे चार हप्तेसुद्धा नाहीत.

मोती राहू द्या. एफडी मोडा, पण पॉलिसीसाठी. टर्म पॉलिसी पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून ५ वर्षांच्या आत पुन्हा चालू करता येते : थकलेला हप्ता, त्यावरचं व्याज आणि तब्येतीचं निवेदन. कंपनी तपासण्या सांगेल, करून घ्या. मधल्या काळात शुगर किंवा बीपी निघालं असेल तर स्पष्ट लिहा. कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेण्याची असलेली ३ वर्षांची मुदत पुन्हा चालू केल्याच्या तारखेपासून नव्याने मोजतात, लपवलेलं तेव्हा बाहेर येतं. कंपनीने नकार दिला तर त्याच आठवड्यात दुसरीकडे अर्ज करा, आणि नकार मिळाल्याचं त्या अर्जात लिहा.

एफडीतले उरतील ते १३-१४ हजार पुढच्या हप्त्याला ठेवा. खड्याचा रिपोर्ट पॉलिसीची पावती हातात आल्यावर काढा.