शाळेच्या मुलांना झोपडपट्टीत सेवेसाठी नेतात, त्याचा वस्तीला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या शाळेतली नववीची ४० मुलं एका दिवसासाठी झोपडपट्टीत सेवा करायला जाणार आहेत. बालवाडीची भिंत रंगवायची, वह्या आणि खाऊ वाटायचा, संध्याकाळी परत. प्रत्येकी १२०० रुपये भरायचेत. तुम्ही पालक-शिक्षक संघात आहात आणि विचारताय की मुलीला पाठवावं का, आणि वस्तीतल्या लोकांना याचं काय वाटतं.

मी वस्तीतलीच आहे. पुण्यात दांडेकर पुलाजवळ आमचं घर. जन्म तिथलाच, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले, एवढंच. आई आयुष्यभर धुण्याभांड्याची कामं करत आली. मी एका दवाखान्यात हिशेबाचं काम बघते आणि संध्याकाळी समाजमंदिरात मुलांची अभ्यासिका चालवते. शाळांचे गट यायचं म्हणतात तेव्हा आता फोन मला येतो. लहानपणी मात्र मी रांगेत उभी होते.

तेव्हा मी चौथीत होते. आदल्या संध्याकाळी निरोप आला की उद्या मोठ्या शाळेतली मुलं येणार आहेत, पोरांना शाळेच्या गणवेशात आणू नका. आईने माझा गणवेश धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करून ठेवला होता. ती काही बोलली नाही. गणवेश परत पेटीत ठेवला आणि घरातला जुना फ्रॉक मला घातला. सकाळी आम्हाला उंचीप्रमाणे उभं केलं. माझ्याच वयाच्या एका मुलीने मला कंपासपेटी आणि बिस्किटाचा पुडा दिला. बाईंनी सांगितलं, दोघींनी पेटी धरा आणि इकडे बघा. माझ्या डोळ्यावर ऊन येत होतं म्हणून फोटो तीनदा काढला. मी तिला नाव विचारलं. ती सांगायला लागली, तेवढ्यात तिला पुढच्या मुलासमोर नेलं.

ती कंपासपेटी मी दहावीपर्यंत वापरली. वस्तू चांगली होती, उपयोगाची होती, आणि ती देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हेही मला माहीत आहे. पण त्या गणवेशाचं आजही वाईट वाटतं. म्हणून आता कुणी फोन केला की मी सगळ्यात आधी हे सांगते की आमची मुलं जशी असतात तशीच असतील, आणि फोटो निघणार नाहीत.

आता भिंतीबद्दल. आमच्या अंगणवाडीची भिंत मी चार वेळा रंगवलेली पाहिली आहे, चारही वेळा बाहेरून आलेल्या मुलांनी. एकदा तर ताईंनी मेहनतीने लिहिलेलं लसीकरणाचं वेळापत्रक फुलपाखरांच्या खाली गेलं. त्या भिंतीला रंग नको होता, वरच्या पत्र्याला भोक होतं ते बुजवायला हवं होतं. आणि आमच्या गल्लीत रंगकाम करणारी तीन माणसं राहतात. पावसाळ्यात त्यांना आठ-आठ दिवस काम नसतं. त्यांच्या दारातली भिंत नववीतल्या मुलांनी रंगवायची हे मला कधीच पटलं नाही. तुमच्या शाळेचा हिशेब करा. १२०० गुणिले ४० म्हणजे ४८,००० रुपये. त्यातले बसला किती, जेवणाच्या डब्यांना किती, टोप्या आणि बॅनरला किती, हे शाळेला विचारा. पालक-शिक्षक संघाला हे विचारायचा हक्क आहे.

तुम्ही विचारलंय तसा उपयोग कधी होतो, तर तेही मी पाहिलंय.

२७ सप्टेंबर २०१८. सकाळची वेळ, पाऊस नाही. जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली. खडकवासल्याहून दौंड-इंदापूरच्या शेतीकडे जाणारं पाणी आमच्या घरांत शिरलं. बहुतेक बाया कामावर होत्या, पोरं शाळेत. भांडी, गाद्या, गॅसच्या शेगड्या रस्त्यावर वाहत आल्या. मदत खूप आली, आणि त्या मदतीवरच पहिले दिवस निघाले. जेवण आलं, पाण्याचे कॅन आले, चटया आल्या. कपडेही आले. चौथ्या दिवशी चौकात जुन्या कपड्यांचा ढीग माझ्या कमरेइतका होता. त्यात एका पायाचे बूट, भरजरी ब्लाउज, विरलेले पडदे. दिवसभर घरातला चिखल काढलेल्या बायका रात्री तो ढीग निवडत बसायच्या.

त्याच आठवड्यात एका शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्यांनी विचारलं, "आम्ही काय आणू?" असं विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी म्हटलं, कागद वाळवायचेत. लोकांची रेशनकार्डं, फोटोपास, जातीचे दाखले, मार्कलिस्टा, सगळं लोखंडी पेट्यांत होतं आणि पेट्या पाण्यात होत्या. फोटोपास म्हणजे इथे तुमचं घर आहे याचा कागद. उद्या पुनर्वसनाची यादी लागली तर आधी तो मागतात. एक कागद फाटला तर माणूस सहा महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो.

त्या बाई १२ मुलं घेऊन आल्या. ४० नाही, १२. जुनी वर्तमानपत्रं आणि दोन इस्त्र्या बरोबर होत्या. समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर बसून मुलांनी एकेक ओला कागद सुटा केला, वर्तमानपत्राच्या दोन घड्यांत ठेवला, वर आणखी कागद ठेवून हलक्या इस्त्रीने दाबला. प्लास्टिकचं आवरण केलेले कागद वेगळे ठेवले, कारण त्यांना इस्त्री लावली की ते चिकटतात. हे त्यांना आमच्या शेजारच्या काकांनी शिकवलं, त्यांचं लाँड्रीचं दुकान होतं आणि तेही पाण्यात गेलं होतं. मुलं सलग सहा दिवस आली, संध्याकाळी चारनंतर.

तिसऱ्या दिवशी वह्यांचा प्रश्न निघाला. आमच्या दहावीच्या मुलांच्या वह्यांचा लगदा झाला होता. त्या मुलांनी आपल्या वह्यांच्या झेरॉक्स आणल्या, पण त्या इंग्रजी माध्यमाच्या आणि आमची मुलं मराठी माध्यमाची. तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं की पुस्तक समोर ठेवायचं, आमच्या मुलांनी उत्तरं सांगायची आणि पाहुण्यांनी ती लिहून काढायची. एकाने 'गुरुत्वाकर्षण' लिहिताना रु दीर्घ काढला. आमच्या एका पोरीने त्याच्या हातातून पेन घेऊन तो दुरुस्त केला आणि मग पुढची सगळी पानं ती त्याच्या शेजारी बसून तपासत होती. तो मुलगा तिला "हे बरोबर आहे का" असं विचारून पुढे लिहायचा. माझ्या चौथीतल्या फोटोत आम्ही दोघी एकाच पेटीला धरून होतो, पण असं एकमेकींकडे बघितलं नव्हतं.

त्या बारांपैकी पाच जण पुढे जवळपास दीड वर्ष दर दुसऱ्या शनिवारी अभ्यासिकेत येत राहिले, लॉकडाउन लागेपर्यंत. लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे. सुरुवातीला पोरं लाजायची, नंतर भांडायला लागली की आज माझ्या शेजारी बस. कुणी आलं नाही की का नाही आलं विचारायची. एकदा येऊन परत न येणारं माणूस लहान मुलांच्या मनाला फार लागतं. एकदाच येऊन खूप लाड करून गेलेल्या दादा-ताईंची वाट बघणारी पोरं मी सांभाळली आहेत. पुढच्या शनिवारी ती दारात बसतात. त्यांना काय सांगायचं, हे मला कुठलाच गट लिहून देत नाही.

मी स्वतः कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत होते. १९६९ पासून चाललेली ही योजना. तिच्यात वर्षाला १२० तास द्यावे लागतात, दोन वर्षं मिळून २४०, आणि गाव किंवा वस्ती दत्तक घेऊन तिथेच काम करायचं असतं. सगळं आदर्श चालतं असं नाही, पण एकाच ठिकाणी परत परत जायचं ही गोष्ट त्यात पहिल्यापासून आहे. शाळांनी तेवढी तरी घ्यावी.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कुणी आधी बोलत नाही. ४० मुलं चार तास येणार, तर लघवीला कुठे जाणार? आमच्याकडे अनेक घरांना अजून सार्वजनिक शौचालयच आहे. एका गटातल्या मुली बस परत जाईपर्यंत तशाच बसून राहिल्या, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठीही आणि आमच्यासाठीही. नंतरच्या गटातली एक मुलगी माझ्याबरोबर आली, रांगेत उभी राहिली. दाराची कडी तुटलेली होती म्हणून आतून बादली लावायची हे मी तिला दाखवलं, मी बाहेर उभी राहिले. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "रात्री एकटीला यावं लागलं तर?" मी म्हटलं, रात्री आम्ही आईला उठवतो. ती पुढे काही बोलली नाही. तिच्या बाईंनी सांगितलं की परत गेल्यावर तिने शाळेत त्या कडीबद्दल अर्ज लिहिला, वॉर्ड ऑफिसच्या नावाने. तो आमच्या बचत गटातल्या बायकांनी सह्या करून दिला. कडी बसायला दोन महिने लागले, पण बसली.

मुलांना आधी काही सांगायचं असेल तर हे सांगा की वस्तीतली माणसं त्यांना अनोळखी नाहीत. तुमच्या सोसायटीचा कचरा नेणारी ताई, स्वयंपाकाच्या मावशी, रिक्षावाले काका, यांतलं कुणीतरी अशाच एखाद्या वस्तीत राहत असणार. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, पुढे २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलते. आमच्या गल्लीतही त्या कामाच्या बाया आहेत. त्यांना विचारलं की शाळेच्या मुलांनी काय करावं, तर त्या म्हणतात ओला-सुका वेगळा द्या आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, नाहीतर आम्हाला हाताने उघडून बघावं लागतं. वस्तीत यायच्या आधी महिनाभर ४० घरांत एवढं झालं तर ती सेवा आमच्या दारात आपोआप पोचते, बसचं भाडंही लागत नाही.

मुलं विचारतात, तुम्ही इथे फुकट राहता का, हे बेकायदा आहे का. चिडू नका त्यांच्यावर, त्यांना घरी हेच ऐकायला मिळतं. महाराष्ट्रात १९७१ पासून झोपडपट्ट्यांसाठी कायदा आहे, घोषित झोपडपट्टी असा दर्जा असतो. आम्ही विजेचं बिल मीटरप्रमाणे भरतो. शिक्षकांनी हे वर्गात आधीच सांगून ठेवलं तर आमच्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्याच दारात खुलासे द्यावे लागत नाहीत.

मोठ्यांनी करण्यासारखं एक काम आहे, आणि ते तुमच्यासारख्या पालकांनी करावं. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत पहिल्या इयत्तेच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी असतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा, घराचं ठिकाण नकाशावर दाखवायचं, पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला, जातीचा किंवा एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. नकाशावरची खूण जरा सरकली की शाळेचं अंतर बदलतं आणि पोराचा नंबर जातो. माझ्या नणंदेच्या मुलाचं असंच झालं, खूण ओढ्याच्या पलीकडे पडली होती. लॅपटॉप घेऊन चार पालक दोन रविवार बसले तर वीस-पंचवीस फॉर्म नीट भरले जातात. हे काम मुलांच्या हाती मात्र देऊ नका, लोकांचे आधार नंबर आणि दाखले असतात.

पाठवावं का, तर एकदाच जाऊन यायचं असेल तर मी माझ्या मुलीला पाठवलं नसतं. पण तुम्ही नुसतं नाव काढून घेऊ नका, शाळेत जाऊन बोला. वस्तीतल्या कुणी बोलावलंय, त्यांनी काय काम सांगितलंय, आणि पुढची तारीख कोणती, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर तारीख पुढे ढकला आणि आधी दोन शिक्षकांना वस्तीत नुसतं जाऊन बसायला सांगा, अंगणवाडीताई किंवा आशाताईंकडे. गट दहा-बाराचा करा. आमची घरं दहा बाय दहाची आहेत, ४० मुलं गल्लीत उभी राहिली की पाण्याचे हंडे घेऊन जाणाऱ्या बाईला वाट राहत नाही.

सकाळी येऊ नका, तेव्हा पाणी असतं आणि सगळ्यांची धावपळ असते. शनिवारी चारनंतर बरं पडतं. मुलांना सहज काढता येतील अशा चपला घालायला सांगा, समाजमंदिरात दारातच काढाव्या लागतात. खाऊ आणू नका. कुणी चहा विचारला तर मात्र घ्यायला सांगा, पूर्ण कप. आमच्या समोरच्या आजी पाहुण्यांसाठी वेगळं दूध आणून ठेवतात.