घाऊकात विकलेली आगगाडी किरकोळीत परत घ्यावी का?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेचा तीस वर्षं जमवलेला संग्रह. ६४ इंजिनं, २१० डबे, रूळ आणि कंट्रोलर. तीन वर्षांपूर्वी घर बदलताना हे सगळं एकाच व्यापाऱ्याला एकगठ्ठा विकलं आणि पैसे ठेवीत टाकले. आता ते निवृत्त आहेत, हाताशी वेळ आहे आणि संग्रहाची चुटपुट काही जात नाही. ठेव मोडून तो पुन्हा उभा करावा का, असा प्रश्न आहे. घरच्यांचं म्हणणं, गेलं ते गेलं. ठेवीतली रक्कम एकूण बचतीच्या १२ टक्के, डोक्यावर कर्ज नाही, औषधपाण्याची तरतूद वेगळी.

तुमचा खरा आकडा इथे छापत नाही. विक्रीतून १०० आले असं धरून हिशोब करू, म्हणजे इतरांनाही तो आपापल्या रकमेवर बसवता येईल.

एकगठ्ठा माल उचलणारा व्यापारी एकेक नग विकून जेवढे येतील त्याच्या साधारण निम्मे देतो. कमी देणारेही असतात. यात लबाडी असतेच असं नाही. त्याला प्रत्येक इंजिन चालवून बघायचं असतं, फोटो काढायचे असतात, वर्षभर माल सांभाळायचा असतो, आणि न खपणारे डबे त्याच्याच गळ्यात पडतात. तुम्हाला १०० मिळाले, तर तोच माल सुट्टा विकत घ्यायला २०० लागतील. टपाल, विमा आणि किरकोळ दुरुस्ती धरली की २१०. ठेवीवर ६ टक्के दर धरला तर तीन वर्षांत १०० चे ११९ झाले. म्हणजे अख्खी ठेव मोडूनही ९१ कमी पडतात.

त्याहून महत्त्वाचा हिशोब पुढचा. ११९ म्हणजे बचतीच्या १२ टक्के, तर २१० म्हणजे २१ टक्के. उद्या अडचण आली आणि संग्रह पुन्हा घाईत विकावा लागला, तर हातात येणार १०० च्या आसपास. खरेदीच्या दिवशीच बचतीचे ११ टक्के गळाले. रस्त्यावर आणणारा हा खड्डा नाही, पण निवृत्तीनंतर तो भरून काढणारी मिळकत नसते. म्हणून पूर्ण संग्रहाला माझं स्पष्ट ‘नाही’ आहे.

‘पण भाव वाढतील ना?’ या आशेवर राहू नका. जुन्या मॉडेलचा भाव बहुतेक वेळा नवा साचा पाडतो. तेच इंजिन कंपनीने बारीक तपशिलासह, आवाजाच्या डिकोडरसकट (डिकोडर म्हणजे डिजिटल आज्ञा वाचणारी इंजिनातली छोटी सर्किट पट्टी) पुन्हा काढलं की जुन्याची मागणी ओसरते. शिवाय तुमच्याच वयाचे संग्राहक एकाच वेळी विकायला निघालेले असतात. मेर्कलिनसारखी मॉडेल गाड्या बनवणारी, १८५९ पासूनची जर्मन कंपनीही २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली होती, नंतर सावरली. या छंदात पैसे खर्च होतात, ते गुंतवले जात नाहीत, आणि एकदा तसं कबूल केलं की आकडा ठरवणं सोपं जातं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: रात्री खोलीतला दिवा घालवून उजळलेले डबे फिरवायची सवय होती. सोबत आठवण आली ती एका छोट्या शंटिंग (यार्डात डबे हलवणाऱ्या) इंजिनाची आणि एका डिझेलची. ६४ मधली दोन! उरलेल्या ६२ चं तुम्ही नावही काढलेलं नाही. जुनी यादी किंवा फोटो न बघता आठवतील तेवढे नग एका कागदावर लिहा. आठवड्याने दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहा. दोन्ही कागदांवर जे असेल तेवढंच परत घेण्याच्या लायकीचं. माझा अंदाज, पाच-सहा इंजिनांपुढे यादी जाणार नाही.

खर्चाची कमाल मर्यादा २५ ठेवा, म्हणजे एकूण बचतीच्या अडीच टक्के. तुमच्या संग्रहाची सरासरी काढली तर सुट्ट्या बाजारात इंजिन साधारण २ ला आणि डबा ०.३ ला पडेल. पाच इंजिनांचे १०, अठरा डब्यांचे साडेपाच, रूळ आणि कंट्रोलरचे ५. झाले साडेवीस. उरलेले साडेचार टपाल आणि दुरुस्तीला. उरलेल्या ९४ च्या ठेवीला हात लावायचा नाही. ठेव मुदतीआधी मोडल्यास व्याज कापलं जात असेल, तर मुदत संपेपर्यंत थांबा. तोवर कागदावरची यादी पिकू द्या.

आता खरेदीबद्दल, कारण पैसे खरे इथे वाया जातात. ‘माझंच ते इंजिन’ हवं या हट्टापायी माणूस दीडपट मोजतो. प्रत्येक मॉडेलचा कंपनीचा उत्पादन क्रमांक खोक्याच्या बाजूवर असतो, त्यावरून शोधा. तेच इंजिन फक्त वेगळ्या गाडी क्रमांकाचं निघालं तर ते बरंच स्वस्त मिळू शकतं, आणि रुळावर धावताना फरक डोळ्यांना दिसतही नाही. आधी कोणती पद्धत होती तेही बघा. मेर्कलिनच्या तीन-रूळ पद्धतीच्या गाड्यांची चाकं एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळी केलेली नसतात. दोन-रूळ मांडणीत दोन रूळ हेच विजेचे दोन ध्रुव असतात, तिच्यावर ती ठेवली की थेट शॉर्टसर्किट.

जुनं इंजिन हातात आलं की आधी चेसी, म्हणजे खालचा धातूचा सांगाडा, बघा. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली असेल तर धातू वर्षानुवर्षं आतून फुगतो, केसासारख्या भेगा पडतात, कडा भुगा होऊन गळतात. दमट जागेत हे लवकर होतं. वरचं कवच नीट बसत नसेल किंवा चेसी केळ्यासारखी वाकलेली दिसली तर तिथेच परत करा, या रोगावर औषध नाही. बाकीचे दोष त्या मानाने गरीब. चाकांवरचे रबरी टायर कडक होऊन तडकतात आणि इंजिन चढावर घसरतं. नवे टायर दहा मिनिटांत चढतात. वंगण सुकून मेणासारखं झालं असेल तर इंजिन गुरगुरत हळू चालतं. ते पुसून प्लास्टिकला चालणारं हलकं तेल एक-एक थेंब, त्याहून जास्त नको. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा एकच आवाज येत असेल, तर आसावरचं प्लास्टिकचं दंतचक्र तडकलेलं असतं. दोन दातांमधल्या खोबणीत आसाच्या दिशेने गेलेली बारीक रेघ भिंगातून दिसते. हे चक्र बदलता येतं, पण विकणाऱ्याकडून तेवढी सूट घ्या.

‘बंद’ म्हणून स्वस्तात विकलं जाणारं डिजिटल इंजिन मात्र सोडू नका. बऱ्याचदा ते बंद नसतंच, आधीच्या मालकाने बदललेला पत्ता (कंट्रोलर ज्या क्रमांकाने इंजिन ओळखतो तो) विकणाऱ्याला माहीत नसतो. डीसीसी (रुळातून डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत) डिकोडरचा कारखान्यातला पत्ता ३ असतो. प्रोग्रॅमिंगच्या रुळावर ठेवून सीव्ही १ (डिकोडरमधल्या क्रमांकित नोंदींपैकी पत्त्याची) वाचा. वाचता येत नसेल तर अनेक डिकोडर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिल्यावर मूळ स्थितीला येतात आणि पत्ता ३ वर इंजिन निमूट हलतं. अर्थात मोटरच जळली असेल तर काही उपयोग नाही, म्हणून ‘बंद’ मालाला सुट्या भागांच्या किमतीहून एक पैसाही जास्त नको.

उजळणाऱ्या डब्यांसाठी कंपनीचे दिवे बसवलेले डबे शोधू नका, ते उगाच महाग. साधे डबे घ्या. चाकांच्या मागच्या बाजूला टेकणाऱ्या तांब्याच्या पातळ पट्ट्या, छताला उबदार रंगाची एलईडी पट्टी, आणि रूळ जरा मळला की होणारी लुकलुक थांबवायला एक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग. डीसीसीचा प्रवाह सतत दिशा बदलतो, म्हणून मध्ये प्रवाह एकाच दिशेचा करणारा ब्रिज रेक्टिफायर हवाच, नाहीतर कपॅसिटर फुटेल. एलईडी पट्टीच्या मालिकेत जोडलेला रोध (रेझिस्टर) जरा मोठा ठेवा, म्हणजे उजेड मंद राहील. नवखे लोक इतका लख्ख उजेड पाडतात की डबा कंदिलासारखा दिसतो.

घेतलेला माल जुन्या फोमच्या खोक्यात ठेवू नका. फोम वर्षांनी विरघळल्यासारखा चिकट होतो आणि रंगाला धरतो. प्रत्येक नगाचा फोटो, उत्पादन क्रमांक आणि किंमत एका वहीत. विम्याच्या वेळी आणि पुढे घरच्यांना तीच उपयोगी पडेल.

विकायच्या बेतात असलेल्यांना एक सूचना. आधी सगळं खोक्यांत भरून सहा महिने डोळ्याआड ठेवा. ज्या खोक्यांत हात घालावासा वाटला ती बाजूला काढा, दुहेरी आणि न चालवलेले नग एकेक करून विका. पैशांची निकड असेल तरच एकगठ्ठा विका, आणि तेव्हाही दोघा-तिघांचे भाव घेऊन.

तुमच्याकडे परत येतो. पहिली खरेदी इंजिनाची करू नका, रुळांची करा. २६.४ मीटरचा खरा डबा १:८७ मध्ये ३०३ मिलिमीटर भरतो, आणि तो ३६० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर कसाबसा वळतो, दिसतोही वाईट. ४३७.५ ची त्रिज्या घ्या. त्यासाठी किमान १०० सेंटिमीटर रुंद फळी लागेल. नव्या घरात ती कुठे बसणार, ते मोजपट्टी घेऊन आधी घरच्यांसमोर ठरवा. जागा निघाली तर एक लंबवर्तुळ, एक कंट्रोलर आणि ते शंटिंग इंजिन. दुसरं इंजिन तीन महिन्यांनी, आणि तेही पहिलं रोज चालत असेल तरच.