वाचकांचे प्रश्न : जिथे ‘दादा’ म्हणजे बहीण

प्रश्न : मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. येत्या वर्षी तीन महिने तांझानियातील मोशी शहराजवळच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत स्वयंसेविका म्हणून जाण्याचे ठरवले आहे. प्रवास, लसी, हवामान यांची माहिती मिळाली. परंतु वर्गात मुलांसमोर उभे राहिल्यावर संस्कृतीच्या अंगाने काय वेगळे जाणवेल, हे कोणी सांगत नाही. आपण त्याच भागात काम केले आहे, म्हणून विचारते.

उत्तर : सुरुवात अभिवादनापासून होईल. तुम्ही वर्गात पाऊल टाकताच सगळी मुले उभी राहतील आणि एका सुरात ‘शिकामो, म्वालिमू’ म्हणतील. म्वालिमू म्हणजे शिक्षक. या शब्दाला तिथे किती मान आहे पाहा : देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे मुळात शिक्षक होते आणि आजही लोक त्यांना ‘म्वालिमू’ म्हणूनच ओळखतात. ‘शिकामो’ हे धाकट्याने थोरल्याला करायचे अभिवादन असून, ‘तुमचे पाय धरतो’ अशा अर्थाच्या शब्दांतून ते घडले असे मानतात. थोरल्याने त्यावर ‘मराहाबा’ म्हणायचे असते. मला हे ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी मी सौजन्य म्हणून मुलांना त्यांचेच ‘शिकामो’ परत केले, म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोरांचे पाय धरायला निघालो, आणि वर्गाची शिस्त जी मोडली ती मधल्या सुट्टीपर्यंत जागेवर आली नाही. तुमच्या वयाच्या व्यक्तीला रस्त्याने जाताना अनोळखी तरुणही ‘शिकामो’ म्हणतील. ‘मराहाबा’ न म्हणता पुढे जाणे तिथे उद्धटपणाचे वाटते.

नात्यांचे शब्द मात्र मराठी माणसाला हमखास फसवतात. घरच्यांचा फोटो दाखवून मुलांशी ओळख वाढवावी, असे मला वाटले. भरघोस मिशा असलेल्या थोरल्या भावावर बोट ठेवून मी म्हटले, ‘हा माझा दादा.’ तिथल्या किस्वाहिली भाषेत ‘दादा’ म्हणजे बहीण. हशा ओसरायच्या आत मी काकांकडे वळलो होतो. तिथे ‘काका’ म्हणजे भाऊ, आणि इतके पांढरे केस असलेले गृहस्थ माझे भाऊ कसे, असे एका मुलीने अगदी गंभीरपणे विचारले. मामांची ओळख करून देण्याचे धाडस मी केले नाही, कारण ‘मामा’ म्हणजे आई. ‘बाबा’ तेवढे दोन्हीकडे बाबाच.

या फजितीतून आमच्या वर्गाला एक खेळ मिळाला. दोन्ही भाषांत सापडणारे शब्द मुले शोधून आणत आणि मी ते फळ्यावर लिहीत असे. गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, साबणाला ‘साबुनी’, पैशाला ‘पेसा’, रंगाला ‘रंगी’, पुस्तकाला ‘किताबू’, आणि शाळेतल्या गणित विषयाला ‘हिसाबाती’. ‘साहिही’ म्हणजे बरोबर, आणि स्वाक्षरीही ‘साहिही’च; आपली ‘सही’ त्याच अरबी मुळाची. हिंदी महासागरावरच्या शेकडो वर्षांच्या व्यापारात अरब, इराणी आणि भारतीय व्यापाऱ्यांनी जे शब्द आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवले, त्यांतलेच कित्येक आपल्याकडे फारसीच्या वाटेने आले. शाळेला ‘शुले’ म्हणतात, तो मात्र पहिल्या महायुद्धापर्यंत तिथे राज्य करणाऱ्या जर्मनांचा वारसा. सरकारी प्राथमिक शाळांत किस्वाहिली हेच शिकवण्याचे माध्यम आहे आणि माध्यमिक शाळेत गेल्यावर मुलांना एकदम इंग्रजीतून शिकावे लागते. त्यामुळे तुम्ही किस्वाहिलीचे पन्नास शब्द शिकून गेलात, तर तुमच्या इंग्रजीच्या तासालाही मुले मोकळेपणाने बोलतील.

‘दुका’ या शब्दाची एक सावली आहे, तीही आधीच सांगून ठेवतो. तिथे गोऱ्या माणसाला ‘म्झुंगू’ म्हणतात. तुम्हाला मुले ‘म्हिंदी’ म्हणतील. भारतीय वंशाचे दुकानदार आणि व्यापारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले आहेत, त्यामुळे म्हिंदी म्हटले की दुकानाचा मालक, हे चित्र लोकांच्या मनात असते. आपण पाहुणे म्हणून कोऱ्या पाटीने जातो, असा माझा समज होता. पण ‘तुझे दुकान कुठे आहे?’ हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यात इतक्यांदा विचारला गेला की शेवटी मी हिशेब ठेवणे सोडून दिले. त्यात द्वेष नव्हता, पण ओळखीचे ओझे होते, आणि ते आपण नाकारले म्हणून उतरत नाही.

आता घड्याळाविषयी, कारण इथे चुकलात तर नुसत्या हशावर भागत नाही. किस्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. देश विषुववृत्ताजवळ असल्याने वर्षभर सूर्य साधारण सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि दुपारचे बारा म्हणजे त्यांचे सहा. पालकांची सभा ‘साआ म्बिली’ला, म्हणजे दोन वाजता आहे, असे मला सांगण्यात आले होते. मी दुपारी बरोबर दोनला पोहोचलो तेव्हा शाळेच्या फाटकाला कुलूप होते. शेजारच्या घरातला एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा आला, त्याने माझा हात ओढून मनगटी घड्याळ पाहिले, आठच्या आकड्यावर बोट ठेवले आणि ते मधल्या खिळ्यावरून सरळ पलीकडे दोनवर नेले. एवढेच. तासकाटा ज्या आकड्यावर असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. सहा तासांचा फरक समजून घ्यायला याहून सोपी युक्ती मला कोणी सांगितली नाही. सभा सकाळी आठलाच झाली होती.

आणखी एक शब्द तुम्हाला रोज ऐकू येईल : ‘पोले’. खडू हातातून निसटला, ठेच लागली, खोकला आला, की चाळीस मुले एकदम ‘पोले, म्वालिमू’ म्हणतात. पहिल्यांदा मला वाटले की ही मुले माफी मागत आहेत, आणि मी ‘तुमची काही चूक नाही’ असे समजावत बसलो. पोले ही माफी नव्हे; तुमच्या त्रासाची दखल आम्ही घेतली, एवढाच त्याचा अर्थ. दमून घरी चाललेल्या माणसालाही ‘पोले ना काझी’, म्हणजे कामाच्या श्रमांबद्दल पोले, असे म्हणतात. याला नेमका मराठी शब्द मी अजून शोधतो आहे.

प्रश्न : तिथल्या शाळांत मुलांना छडी मारतात आणि झाडलोटही करायला लावतात, असे ऐकले. अशा वेळी आपण बोलावे की गप्प राहावे?

उत्तर : या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सकाळी मुले आवार झाडतात, झाडांना पाणी घालतात, काही शाळांत भाजीचे वाफेही राखतात. यामागे न्येरेरे यांनी 1967 मध्ये मांडलेले ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हे धोरण आहे. खराटा हातात घेऊन सामील व्हा. पहिल्याच दिवशी मुले तुम्हाला खराटा धरायची पद्धत शिकवतील.

छडीला तिथे कायद्याची परवानगी आहे. 1979 च्या नियमांनी तिचा अधिकार मुख्याध्यापकांच्या हाती दिला आहे, प्रत्यक्षात मात्र ती इतरांच्या हातीही दिसते. मी छडी हातात घेणार नाही, हे तुम्ही पहिल्या दिवशीच मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगावे, असे मला वाटते. मुलांसमोर सहकाऱ्याला टोकू नका. मी एकदा टोकले आणि त्या शिक्षकाचा राग दुसऱ्या दिवशी मुलांनाच सोसावा लागला. तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत बोला. छडी नको असे मानणारे शिक्षक तिथेही आहेत, आणि त्यांना तुमच्या भाषणापेक्षा छडीशिवाय चाललेला तुमचा तास अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : मुलांसाठी भेटवस्तू न्याव्यात का? फोटो काढले तर चालतील का? आणि पर्यटक व्हिसा पुरेल का?

उत्तर : वस्तू न्यायच्या असतील तर त्या शाळेच्या हाती द्या, एकेका मुलाला नको. देताना-घेताना उजवा हात वापरा. मुले वही देताना डावा हात उजव्या हाताच्या कोपराशी टेकवतात, तो आदर असतो. मुलांचे फोटो शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय काढू नका. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही. त्यासाठी क्लास सी वर्गाचा निवास परवाना लागतो, आणि त्याचा अर्ज तुम्हाला बोलावणाऱ्या संस्थेकडून तिकीट काढण्याआधीच मार्गी लावून घ्या.